देवाविरुद्ध ‘उपवास’ की देवाच्या दारी ‘धरणे’?

‘संत पॅट्रिकने देवाविरुद्ध उपवास केला’ हे आयर्लंडच्या या संताबद्दलचं वाक्य मराठीत खटकतं, मग काय लिहावं, असा प्रश्न आला आहे. खटकणारच. उपवास आपण देवाचा करतो, देवाविरुद्ध नाही. माझं मत स्पष्ट आहे: इथे ‘धरणे’च हवं.

मूळ आयरिश शब्द ‘त्रोस्कद’. एरवी त्याचा अर्थ साधा उपवासच. पण जुन्या आयरिश कायद्यात कोणा‘वर’ त्रोस्कद करणं हा वसुलीचा रीतसर मार्ग होता. साध्या ऋणकोची गुरं आगाऊ सूचना देऊन ओढून नेता येत. समोर राजा, बिशप किंवा मानाचा कवी असला तर आधी त्याच्या दारी उपाशी बसावं लागे. त्याने जामीन किंवा तारण दिलं की उठायचं. त्यानंतरही अडून बसलात तर येणं बुडालं. आणि ज्याने अशा उपाशी माणसाची दादच घेतली नाही, त्याचं येणं देवानेही देऊ नये नि माणसानेही, असं ते कायदे सांगतात.

आपल्याकडेही सावकार किंवा त्याने बसवलेला ब्राह्मण ऋणकोच्या दारात अन्नपाणी सोडून बसे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत (२०२४ पर्यंत लागू) कलम ५०८ चं उदाहरणच हे होतं: दारात धरणे धरून ‘तुझ्यावर देवाचा कोप होईल’ असं भासवणं. त्या भीतीतच धरण्याचा सगळा जोर होता, आणि त्रोस्कदचाही. ‘उपोषण’ म्हटलं की मांडव आणि लिंबू-सरबत आठवतं; हा अर्थ त्यात उतरत नाही.

आता पॅट्रिक. मेयो परगण्यातल्या डोंगरावर तो चाळीस दिवस उपाशी राहिला, अशी कथा आहे. नंतरच्या काळात लिहिलेल्या त्याच्या चरित्रात देवदूत येतो, थोडेथोडे वर देऊ करतो, आणि पॅट्रिक प्रत्येक वेळी म्हणतो, अजून हवं, नाहीतर मी उठत नाही. शेवटची मागणी तर अशी, की कयामतीच्या दिवशी आयरिश लोकांचा न्याय मीच करीन. तीही मान्य होते! देव पाण्यात घालून बसणाऱ्या आजीला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

तेव्हा लिहा: ‘पॅट्रिक देवाच्या दारी धरणे धरून बसला.’ कायद्याच्या संदर्भात पहिल्यांदा ‘उपाशी धरणे’ म्हणा, पुढे नुसतं ‘धरणे’ पुरे.