मिठाचं सूत्र दाबाखाली बदलतं?

प्रश्न : एका सोडियमला एक क्लोरीन, हे शाळेपासून घोकलंय. पण प्रचंड दाबाखाली एका सोडियमला तीन क्लोरीन असाही पदार्थ बनतो म्हणे. मग संयुजेचा नियम चुकीचा का?
– बारावीची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : चुकीचा नाही, तो नेहमीच्या दाबापुरता आहे. कोणता पदार्थ टिकणार, हे ठरवताना ऊर्जेच्या हिशेबात 'दाब गुणिले आकारमान' हेही धरावं लागतं. मोलमागे आकारमान 1 घन सेंटीमीटरने घटलं, तर हवेच्या दाबाला त्याची किंमत 0.1 जूल, म्हणजे नगण्य. 50 गिगापास्कलला, म्हणजे सुमारे पाच लाख वातावरणांना, तीच किंमत 50 किलोजूल होते. एखाद्या क्रियेचा कौल फिरवायला एवढं पुरतं. मग कमी जागेत मावणारी रचना जिंकते. 2013 मध्ये मीठ जादा क्लोरीनसोबत दाबून एका सोडियमला तीन क्लोरीनचा हा पदार्थ बनवला गेला. जादा सोडियमसोबत दाबल्यावर तीन सोडियमला एक क्लोरीन असाही मिळाला. उलट निखळ सोडियम धातू 200 गिगापास्कलला चक्क पारदर्शक होतो, कारण इलेक्ट्रॉन अणूंमधल्या पोकळ्यांत कोंडले जातात.

प्रश्न : एवढा दाब देणारं यंत्र केवढं असतं?

उत्तर : मुठीत मावेल एवढं. दोन हिऱ्यांची सपाट घासलेली टोकं समोरासमोर आणून स्क्रूने आवळतात. टोकाचा व्यास 100 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा असेल, तर 100 गिगापास्कलला साधारण 80 किलो वजनाइतकं बल लागतं. सगळी किमया क्षेत्रफळाची.

खरी कसोटी दोन हिऱ्यांमधल्या, रेनियम या धातूच्या पत्र्याची; त्याच्या भोकात नमुना बसतो. 250 मायक्रॉन जाडीचा पत्रा आधी हिऱ्यांनीच दाबून 30-40 मायक्रॉनवर आणायचा, मग मधोमध टोकाच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं भोक पाडायचं. भोक मोठं झालं किंवा केंद्रापासून सरकलं, तर दाबाखाली ते कडेकडे पसरतं, हिरे एकमेकांना टेकतात आणि तडकतात. सोडियम भरायचा तो आर्गॉनच्या पेटीत, नाहीतर दमट हवेशी आधीच क्रिया होते. नुसतं दाबूनही भागत नाही. थंड घन पदार्थात अणू जागचे हलत नाहीत, म्हणून लेझरने तापवावं लागतं.

दाब मोजायला आत माणकाचा कण ठेवतात. तो चमकतो त्या प्रकाशातली 694.2 नॅनोमीटर तरंगलांबीची तांबडी रेषा सुरुवातीला दर गिगापास्कलला सुमारे 0.365 नॅनोमीटर सरकते. मात्र कण 50 अंशांनी गरम असला, तरी रेषा जवळपास तेवढीच सरकते आणि दाब 1 गिगापास्कल जास्त भासतो. म्हणून तापवणारा लेझर बंद करून, नमुना निवल्यावरच आकडा टिपावा.