ज्यू लोक पानाच्या वरच्या कोपऱ्यात ती तीन अक्षरं का लिहितात?

तुम्ही विचारलंय की कामानिमित्त इस्राएलहून येणाऱ्या एका गृहस्थांच्या प्रत्येक कागदावर वर उजव्या कोपऱ्यात तीन बारीक हिब्रू अक्षरं असतात, ती म्हणजे त्यांचं ‘श्री’ समजायचं का, आणि असा कागद रद्दीत घातला तर चालेल का.

ती अक्षरं बहुधा बेत, सामेख, दालेत असणार. ‘बेसियाता दिश्माया’ या अरामी शब्दांचा तो संक्षेप, अर्थ ‘स्वर्गाच्या साहाय्याने’. काहीजण त्याऐवजी बेत आणि हे अशी दोनच अक्षरं लिहितात: ‘बारूख हाशेम’ किंवा ‘बेएझ्रात हाशेम’, म्हणजे देव धन्य असो किंवा देवाच्या मदतीने. यातला ‘हाशेम’ हासुद्धा देवाच्या नावाचा उच्चार टाळण्यासाठी वापरलेला शब्द आहे.

हेतू पाहिला तर ‘श्री’च. पण आपण लग्नपत्रिकेवर ‘श्री गजानन प्रसन्न’ बिनदिक्कत पूर्ण छापतो. ज्यू माणसाला देवाची आठवण तर करायची असते, पण त्याचं नाव लिहायचं नसतं. ही ओढाताण फार जुनी आहे.

तोरा म्हणजे ज्यूंचं मूळ धर्मशास्त्र. त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथाच्या १२व्या अध्यायात मूर्तिपूजकांच्या देवांची नावं पुसून टाका, पण तुमच्या देवाच्या बाबतीत तसं करू नका, अशी आज्ञा आहे. त्यावरून देवाचं लिहिलेलं नाव खोडायचं नाही हा नियम आला. मग कागदावर नाव घालावं की नाही? याबद्दल तालमुदात, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या प्राचीन ग्रंथात, एक प्रसंग आहे, मला तो फार आवडतो. ग्रीक राजवटीने देवाचं नाव घ्यायला बंदी केली होती. तिच्याविरुद्ध लढणारं हाश्मोनी हे ज्यू घराणं जिंकलं, आणि त्यांनी उलट फर्मान काढलं की साध्या कर्जरोख्यावरही ‘परात्पर देवाचा महायाजक योहानान याच्या अमुक वर्षी’ असं लिहायचं. ऋषीमंडळींनी ते ऐकलं आणि म्हणाले, उद्या हा माणूस कर्ज फेडेल आणि रोखा उकिरड्यावर जाईल! प्रथा बंद झाली, आणि बंद झाली तो ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याचा तिसरा दिवस सण ठरला. देवाचं नाव कागदांवरून गेलं म्हणून देवभक्तांनी सण पाळावा, असं दुसरीकडे कुठे वाचल्याचं मला आठवत नाही.

पुढे १६व्या शतकात पोलंडमधल्या क्राकूवचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) मोशे इस्सेर्लेस यांनीही स्पष्ट लिहिलं की ग्रंथाबाहेर देवाचं नाव लिहू नये, त्याची विटंबना होऊ शकते. संक्षेप हा यावरचा तोडगा. तो लिहायलाच हवा असा नियम ‘शुल्हान आरूख’ या धर्मसंहितेत नाही. ही निव्वळ रूढी आहे. त्यामुळे इस्राएलमध्ये धार्मिक घरातलं मूल वहीच्या प्रत्येक पानावर ही अक्षरं लिहितं आणि शेजारचं निधर्मी मूल लिहीत नाही.

दोन अक्षरं की तीन, यावरही वाद झाला. ‘हे’ हे अक्षर देवाच्या चार अक्षरी नावात येतं. रोगाचोव्हचे गाओन (महापंडित) म्हणून ओळखले जाणारे रब्बी योसेफ रोझेन (१८५८-१९३६) यांचं मत असं की त्यामुळे बेत-हे लिहिलेल्या कागदालाही पावित्र्य येतं. बहुतेकांना ते पटलं नाही. लुबाविच या ज्यू पंथाच्या शेवटच्या रेब्बींची, म्हणजे पंथप्रमुखांची, पत्रं तर बेत-हेनेच सुरू होत. पण ज्यांना शंकाच नको, ते तीन अक्षरी रूप वापरतात, कारण त्यात त्या नावातलं एकही अक्षर नाही.

हीच सावधगिरी आकड्यांतही आहे. हिब्रूत अक्षरांनीच संख्या लिहितात. १५ म्हणजे खरं तर १० आणि ५, पण त्या दोन अक्षरांचं देवाचं नाव होतं. म्हणून ९ आणि ६ लिहितात, तेत आणि वाव. त्याचा उच्चार ‘तू’. शेवात महिन्याची पंधरावी तिथी म्हणून ‘तू बिश्वात’. आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू याच तिथीला अलिबागजवळच्या खंडाळ्याला (घाटातलं नव्हे) एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या उरुसाला जातात आणि मलिदा करतात.

नाव असलेले कागद फेकायचे नाहीत, तर मग ठेवायचे कुठे? सिनेगॉगमधल्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या) ‘गेनिझा’त, म्हणजे अशा कागदांच्या कोठीत, आणि नंतर पुरायचे. जुन्या कैरोतल्या बेन एझ्रा सिनेगॉगात मात्र ते शतकानुशतकं तसेच साठत राहिले. १८९६-९७ च्या हिवाळ्यात सॉलोमन शेख्टर या अभ्यासकाने तिथून केंब्रिजला नेलेला संग्रह सुमारे १,९३,००० तुकड्यांचा आहे. त्यात प्रार्थना आहेत, तशीच हिब्रू लिपीतली अरबी व्यापारी पत्रंही आहेत. त्यांतल्या कितीतरी पत्रांच्या डोक्यावर ‘हे दयाळा, तुझ्या नावाने’ अशा अर्थाचे अरामी शब्द, पुष्कळदा संक्षेपातच. बाराव्या शतकात मंगळूरला राहिलेला अब्राहम बेन यिजू हा व्यापारी याच कागदांतून आपल्याला कळला: त्याची मिरी, त्याचं लोखंड, त्याचा काशाच्या भांड्यांचा कारखाना. त्याला एडनचे मित्र कागद भेट म्हणून पाठवत, कारण इकडे तो मिळायचा नाही.

आता तुमचा कागद. नुसती तीन अक्षरं असतील तर खुशाल रद्दीत घाला, ती अक्षरं निवडलीच त्यासाठी आहेत. प्रार्थनेचं छापील पान किंवा देवाचं पूर्ण नाव असलेलं काही हाती आलं, तर मात्र जवळच्या सिनेगॉगमध्ये नेऊन द्या. ईमेल डिलीट करताना काळजी नको; पडद्यावरचा मजकूर जाणं म्हणजे नाव पुसणं नव्हे, असं बहुतेक रब्बी मानतात. आणि उत्तर लिहिताना तुम्ही ती अक्षरं घालावीत, अशी त्या गृहस्थांची अजिबात अपेक्षा नसणार.