खाणीच्या आंबट पाण्यातले धातू काढायला नुसता चुना पुरतो का?

तुम्ही विचारलंय की खाणीतून झिरपणाऱ्या आम्लयुक्त पाण्यात विरघळलेले धातू कसे काढतात, चुना टाकून भागतं का, आणि निघालेला धातू विकता येतो का.

आमच्या घरी तासगावला द्राक्षबाग आहे, म्हणून बोर्डोपासून, म्हणजे बुरशीसाठी वेलींवर फवारतात त्या मोरचूद-चुन्याच्या मिश्रणापासून सुरू करतो. मोरचुदाच्या (तांब्याच्या सल्फेटच्या) निळ्या पाण्यात चुना पडला की तांबं पाण्यात राहत नाही, निळसर गाळ होऊन बाहेर येतं. वडील त्यात विळ्याचं पातं बुडवून बघायचे. पात्यावर तांबूस थर चढला, तर तांबं अजून विरघळलेलं आहे, चुना कमी पडलाय. खाणीच्या पाण्यावरची मुख्य प्रक्रिया हीच, फक्त पिंपाऐवजी मोठमोठ्या टाक्यांत.

ते पाणी आंबट होतं पायराइटमुळे. लोखंड आणि गंधकाच्या या खनिजाला हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल बनतं, जिवाणू त्याचा वेग वाढवतात, आणि आम्ल वाटेतलं जस्त, तांबं, कॅडमियम विरघळवत येतं. इंग्लंडात कॉर्नवॉलमधली व्हील जेन ही कथलाची खाण १९९१ मध्ये बंद झाली. पंप थांबले, पाणी आत चढत गेलं आणि जानेवारी १९९२ मध्ये फुटून कार्नन नदीतून फालच्या खाडीत उतरलं. खाडीचं पाणी नारिंगी झालं. तिथे २००० पासून चुन्याचं शुद्धीकरण केंद्र चालू आहे.

चुन्याने पीएच (शेतकऱ्यांचा सामू) वाढतो आणि धातूंचे हायड्रॉक्साइड खाली बसतात, पण सगळे एकदम नाही. फेरिक लोखंड (हवेने ऑक्सिडाइझ झालेलं) साधारण पीएच ३.५ ला, अ‍ॅल्युमिनियम ५ च्या आसपास, जस्ताला ९ लागतो, मँगनीज त्याहून हट्टी. फेरस लोखंड (अजून ऑक्सिडाइझ न झालेलं) ८ च्या वर जाईपर्यंत नीट बसत नाही, म्हणून टाकीत हवा सोडून आधी त्याचं फेरिक करतात. बीकरमध्ये हे बघण्यासारखं असतं: हिरवट-काळा गाळ हवा लागेल तसा वरून तांबूस होत जातो.

मी स्वतः खाणीवर नव्हतो. जस्ताचा मुलामा देणाऱ्या एका कारखान्याचं सांडपाणी सांभाळायचो. एका रात्रपाळीत पीएच मोजणाऱ्या प्रोबवर (पाण्यात बुडवलेल्या दांडीवर) चुन्याची पुटं चढली, मीटर ७ वर अडकला आणि पंप चुना ओततच राहिला. सकाळी पीएच १२ च्या वर, आणि बसलेलं जस्त पुन्हा विरघळलेलं! जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्हीकडून पळतात: पीएच फार कमी असला तरी विरघळतात, फार वाढला तरी.

खरी डोकेदुखी मात्र गाळाची. साध्या पद्धतीत तो ताकासारखा पातळ येतो, शंभरात दोन-चार भाग घन आणि बाकी पाणीच. तो साठवायचा कुठे? म्हणून खाली बसलेला गाळ परत फिरवतात, आधी त्यातच चुना कालवतात आणि मग त्यावर खाणीचं पाणी सोडतात. नवा धातू जुन्या कणांवरच चढत जातो, कण जड होतात आणि घनभाग वीस टक्क्यांच्या वरही जातो. व्हील जेनला हीच पद्धत आहे.

चुनखडीच्या चरातून पाणी नेणं स्वस्त पडतं, पण लोखंड आणि हवा दोन्ही असली की दगडांवर गंजाचं कवच चढतं आणि चुनखडी आतल्या आत निकामी होते. शेण-कंपोस्टच्या थरात सल्फेट खाणारे जिवाणू धातूंचे सल्फाइड बनवतात. तेही चालतं, पण जागा भरपूर लागते.

विकण्याचं म्हणाल तर तांबं परवडू शकतं. अमेरिकेत मोंटानातल्या ब्यूटला खाणीचं पाणी भंगार लोखंडावरून सोडून वर्षानुवर्षं तांबं काढलं, म्हणजे वडिलांचा विळाच. लोखंडाच्या मिश्र गाळाला मात्र सहसा गिऱ्हाईक नसतं. आमच्या कारखान्याचा गाळ पैसे भरून तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवावा लागायचा.