टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) बालमानसशास्त्रासाठी विचारतोय: अभिसारी आणि अपसारी विचारांत फरक काय, आणि वर्गात यातलं काय वापरायचं?

परीक्षेपुरतं दोन ओळींत आटोपतं. दिलेल्या माहितीवरून एकाच बरोबर उत्तराशी पोचणं म्हणजे अभिसारी. एका प्रश्नाला अनेक उत्तरं सुचणं म्हणजे अपसारी. हा फरक मांडणाऱ्याचं नाव विचारलं तर जे. पी. गिलफोर्ड. १९५० साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष असताना त्यांनी सर्जनशीलतेवर भाषण दिलं, तेव्हापासून या विषयाला वजन आलं.

वर्गात काय वापरायचं म्हणता, तर वापरलं की काय होतं ते ऐका.

नागपुरात महालातल्या एका शाळेत माझ्याकडे पाचवी होती. एका ऑफ तासाला पोट्ट्यांना गिलफोर्डवाल्यांचाच जुना प्रश्न दिला: विटेचे सुचतील तितके उपयोग लिहा. पहिल्या नंबरच्या पोरानं पान भरून टाकलं. घर, भिंत, विहीर, कंपाउंड, ओटा. मागच्या बाकावरच्या एका पोरीचं जेमतेम अर्धं पान. कूलरच्या स्टँडखाली टेकू. चुरा करून भांडी घासायला. टँकर यायच्या आधी रांगेत आपल्या नावानं ठेवायला. गल्लीत स्टंप. आजीच्या पलंगाच्या पायांखाली, म्हणजे खाली पेटी सरकते.

आता हे तपासा. पोराचं सगळं बांधकाम खात्यातलं: प्रवाहिता, म्हणजे किती सुचलं ते, भरपूर; लवचिकता, म्हणजे किती वेगवेगळ्या प्रकारचं सुचलं ते, जवळपास शून्य. पोरीनं दर ओळीला खातंच बदललं. रांगेतली वीट तर अख्ख्या वर्गात तिची एकटीची, ती मौलिकता. पलंगाखाली पेटी सरकते हे जोडलं, तो विस्तार. गाईडवाले ही चार नावं घोकून घेतात, वहीत ओळखायची कशी ते सांगत नाहीत.

तेवढ्यात मुख्याध्यापक फेरीवर आले. पोरीच्या पानावर लाल पेनानं आडवी रेघ मारली आणि मला म्हणाले, "वीट घर बांधायला असते. काहून डोकं फिरवता पोट्ट्यांचं, सर?" मी बोलायला लागलो तर म्हणाले, स्कॉलरशिपला हे विचारतात का? हा वाद पुढे स्टाफरूममध्ये, तपासणीच्या वेळी, थेट त्यांच्या निरोप समारंभातल्या तर्रीपोह्यांपर्यंत चालला.

माझं म्हणणं आजही तेच आहे. उत्तरसूची नसलेला प्रश्न तपासायला मास्तरलाच डोकं लावावं लागतं, दुखणं तिथं असतं. पोरांचं डोकंबिकं काही फिरत नाही.

बाकी अपसारी तेवढं थोर आणि अभिसारी म्हणजे घोकंपट्टी, असंही लिहून येऊ नका. गिलफोर्ड यांनी दोन्ही बुद्धीच्याच क्रिया मानल्या, सोबत बोध, स्मृती आणि मूल्यमापन. ढीगभर सुचलेल्यातून कामाचं एक निवडायला अभिसारीच लागतो. भागाकाराला मी स्वतः कुणाला दोन उत्तरं आणू दिली नाहीत. आणि गाईडात 'डावा मेंदू अभिसारी, उजवा अपसारी' असं छापलं असेल तर ते पान सरळ सोडा.

नोकरी लागली की हा विटेचा तास घ्याच. मुख्याध्यापकांनी हटकलं तर सांगा, टीईटीला हेच विचारतात. आमच्या वेळी टीईटी नव्हती, नाहीतर मी हेच ऐकवलं असतं.