आधी काम धर, मग कोर्स शोध

वैशाली, कॉम्प्युटर शिकायचाय म्हणून कोर्सची यादी पाहून सुरुवात करू नकोस. तुझ्या हातात आत्ता कोणतं काम अडलंय ते आधी सांग. तू बचत गटाची वही लिहितेस ना? मग तेच धर.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या वेबसाइटवर लिब्रे ऑफिस कॅल्कचे, म्हणजे तक्ते आणि हिशेब करायच्या प्रोग्रामचे, व्हिडिओ धडे मराठीत आहेत, तेही फुकट. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर कॅल्क. थांबव, करून पाहा, मग पुढे जा. पण धड्यातले आकडे टाकू नकोस, गटाचेच टाक: बाईचं नाव, बचत, कर्ज, व्याज. महिना 2 टक्क्यांनी 5000 रुपयांवर 100 रुपये व्याज येतं हे तुला तोंडपाठ आहे, म्हणून सूत्र चुकलं तर लगेच दिसेल. शिकताना हा मोठा आधार असतो. बेरीज वहीशी जुळेपर्यंत पुढचा धडा उघडू नकोस.

गावात रेंज धड नसते, तर तालुक्याला गेलीस की धडे डाउनलोड करून आण. मोबाईलवर हे जमायचं नाही, शाळेतला कॉम्प्युटर सुट्टीनंतर मागून बघ.

स्वयम या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरचे कोर्स नंतर. तिथं शिकणं मोफत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र फी पडते. भाऊ सोयाबीनचा खर्च लिहून ठेवतो का? बियाणं, फवारणी, मजुरी, काढणी. दुसरा तक्ता त्याचाच कर.