लग्न करून दोघांनी दोन गावी राहायचं?

प्रश्न : माई, सप्रेम नमस्कार. मी देवगड तालुक्यातली, वय २६. रत्नागिरीच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून शिकले. आता कोचीला पीएच.डी.साठी जागा मिळाली आहे. चार वर्षं तरी जातील. ज्याच्याशी लग्न करायचंय तो पलीकडच्या वाडीतला, हापूसचा बागायतदार. आंब्याच्या कॅनिंगचं युनिट टाकायचं त्याने मनावर घेतलंय, कर्जाचे कागद बँकेत आहेत. म्हणजे तो गाव सोडू शकत नाही.

परवा आम्ही दोघांनी 'ओके जानू' पाहिला. त्यातल्या आदी आणि ताराचा लग्नावर विश्वास नाही. मुंबईत एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात ती एकत्र राहतात. तिला आर्किटेक्चर शिकायला पॅरिसला जायचंय, त्याला व्हिडिओ गेम बनवायला अमेरिकेला. शेवटी ती लग्न करतात आणि आपापल्या वाटेने जातात. तो म्हणाला, आपणही असंच करू. मला पटलं. पण त्याची आई म्हणते, "लगीन करून चेडू कोचीक जातला, मग लगीन कित्याक करूचा?" बाबा म्हणतात, सिनेमे बघून संसार होत नाहीत. मी काय करू?

उत्तर : बाय, आधी एक गोष्ट ठरवून टाक. कोचीला जायचंय. त्यावर चर्चा नको. लग्न होवो, पुढे जावो किंवा मोडो, ती जागा सोडायची नाही.

आता सिनेमा. तो २०१७ च्या जानेवारीत आला तेव्हा मी पाहिला होता. तुझं पत्र आल्यावर पुन्हा लावून बसले. मणिरत्नम यांच्या २०१५ च्या तमिळ चित्रपटावरून शाद अलींनी तो हिंदीत केला. म्हातारीचं काम दोन्हींत लीला सॅमसन यांचंच आहे. त्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते. आदी ताराला 'पॅरिस सोड' म्हणत नाही आणि तारा त्याला 'अमेरिका सोड' म्हणत नाही. आपल्याकडे लग्न ठरलं की पहिली कुऱ्हाड मुलीच्या शिक्षणावर पडते. इथे ती पडत नाही, एवढ्यासाठीसुद्धा हा सिनेमा तुझ्या बाबांना दाखव.

पण तुझ्या होणाऱ्या सासूबाईंच्या प्रश्नाचं मला नवल वाटलं. लग्न करून दोन ठिकाणी राहणं कोकणाला कधीपासून नवीन झालं? नवरा मुंबईला गिरणगावातल्या खोलीत, एका खोलीत दहा-पंधरा जण, जेवण खानावळीत. बायको इथे भात लावतेय, गोठा काढतेय, सासू-सासऱ्यांचं करतेय. शिमगा, गणपती आणि मे महिन्यातली रजा, एवढाच संसार. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी असे संसार केले आणि कुणी कुणाला 'मग लगीन कित्याक' असं विचारलं नाही. जाणारा पुरुष होता म्हणून विचारलं नाही. आता चेडू जातंय, म्हणून प्रश्न पडलाय. हे सासूबाईंना मोठ्याने सांगू नकोस. त्यांच्या सासूचे दिवस त्यांनी पाहिले असतील, तेच त्यांना शांतपणे विचार. त्या स्वतःच बोलतील.

मी पोस्टात नोकरी केली, खिडकीवर. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली संदेशाला थोडी जागा असायची. त्या जागेत नवऱ्या-बायकोचा सगळा व्यवहार चालायचा. 'लावणीला गडी घे.' 'आईच्या डोळ्यांचं बघ.' बाई अंगठा करून पैसे घ्यायची आणि संदेश पुन्हा एकदा वाचून दाखवायला सांगायची. त्यात कधी तिच्यासाठी काही नसायचं, सगळं घरासाठी. ती मात्र ऐकून घ्यायची आणि पदराला पैसे बांधून निघायची.

माझे वडील परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांवर कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी कोकणातले होते, ते हळूहळू गावी परतले. आमच्याकडेही वडील आले, कायमचे. आईला आनंद झालाच. पण बैल कधी विकायचा, नांगरट कोणाकडून करून घ्यायची, कोणाला उसनं द्यायचं, हे सगळं तोवर तिनेच ठरवलेलं होतं. वडिलांना भाताची कणगी कुठे ठेवतात तेही माहीत नव्हतं. ते ओट्यावर बसून विचारायचे, हे असं का केलंस? ती गप्प व्हायची. दोघंही सरळ माणसं, एकमेकांवर जीव होता, तरी एका घरात राहायला त्यांना फार त्रास झाला. वाडीत अशी घरं बरीच होती.

हे तुला घाबरवायला सांगत नाहीये. लांब राहण्याने त्यांचं बिघडलं असं मला वाटत नाही. एकाचं जग दुसऱ्याला कधी दिसलंच नाही, त्याने बिघडलं. आई एकदाही परळच्या खोलीवर जाऊन राहिली नाही. वडील एकदाही लावणीच्या चिखलात उतरले नाहीत, कारण तेव्हा रजा मिळायची नाही. तुझ्याकडे फोन आहे, रेल्वे आहे, स्वतःची फेलोशिप आहे. तुम्ही ते टाळू शकता, पण त्यासाठी आधी बसून ठरवावं लागेल. सिनेमा इथेच तुझी साथ सोडतो. लग्न झालं, दोघं गेली, इथे तो संपतो. तुझा प्रश्न नेमका तिथून सुरू होतो.

म्हणून एका रविवारी त्याला घेऊन बस आणि भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढ. डिसेंबरपासून मोहर, मग फवारण्या, मग राखण, मार्चपासून मेअखेर काढणी आणि पेट्या. त्या दिवसांत तो कोचीला येणार नाही, आला तर त्याचा जीव बागेत असेल. तेव्हा त्याच्यावर रुसायचं नाही. जूनमध्ये बागेला खतं घालायची असतात. त्यानंतर श्रावणापासून दसऱ्यापर्यंत त्याला थोडी उसंत असते. त्या काळात त्याने कोचीला यायचं, राहायचं, तुझ्याबरोबर पहाटे बंदरावर मासळी उतरताना बघायला यायचं. रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेस थेट एर्नाकुलमला, म्हणजे कोचीलाच, जाते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं आणि गाड्या हळू चालतात, तेवढं धरून चाला. केरळात १० जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलिंग, म्हणजे यांत्रिक बोटींनी जाळी ओढत केलेली मासेमारी, बंद असतं, ते तुला मी काय सांगायचं. तुझं काम त्या बोटींवर अवलंबून असेल तर तू तेव्हा घरी येऊ शकशील.

मग विचार, गणपतीला मी आले तर प्रवासातून उतरून लगेच पंचवीस माणसांच्या मोदकांना बसायचं का? विचार, गाडीभाडं कोणाच्या खात्यातून? तू नसताना त्याच्या आईला चुलीपाशी मदत कोण करणार? तो करणार का? 'बघू नंतर' असं उत्तर आलं तर ते नाही समज.

आणि शेवटी सगळ्यांत अवघड प्रश्न. चार वर्षांनी मला रत्नागिरीत काम मिळालं नाही, कोचीत किंवा मुंबईत मिळालं, तर? तेव्हा तुझं कॅनिंग उभं राहिलेलं असेल. तू ते सोडणार नाहीस, सोडूही नये. मग मी सोडायचं का? याचं उत्तर त्याच्याकडे आज नसेल. चालेल. पण प्रश्न ऐकून तो चिडतो की विचारात पडतो, ते नीट बघ. माझा सगळा भरवसा त्यावर आहे.

माझं मत विचारशील तर एक हंगाम जाऊ दे. आत्ता जा. पुढची काढणी संपल्यावर तो कोचीला आला, राहिला, तुझी प्रयोगशाळा त्याने पाहिली, की मग तुळशीचं लग्न झाल्यावर तुमचंही करून टाका. चार वर्षं थांबायची गरज मला दिसत नाही. बाबांनाही हे पटेल, कारण सिनेमा बघून नव्हे, एक वर्ष बघून तुम्ही ठरवलेलं असेल.

प्रश्न : आम्ही दोघे रत्नागिरीचे. ती नर्स आहे, पुढच्या महिन्यात जर्मनीला जाणार. त्याआधी कोर्टात लग्न करायचं आहे. आठ दिवसांत होईल का? तिला आडनाव बदलावं लागेल का?

उत्तर : आठ दिवसांत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली आधी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते आणि ती देण्यापूर्वी तुमच्यापैकी एक जण तरी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत असायला हवा. नोटीस लागल्यावर आणखी ३० दिवस थांबायचं. कोणाची हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटिशीपासून तीन महिन्यांत ते केलं नाही तर पुन्हा नोटीस.

दोघं हिंदू असाल तर दुसरा मार्ग आहे. घरच्या घरी विधी करा आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी करा. पण विधी खरोखर करा. नुसतं प्रमाणपत्र काढलं, विधी झालेच नाहीत, तर ते हिंदू लग्न होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय. व्हिसासाठी घाईघाईने कागद करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. भटजी, फोटो, दोन्हीकडची माणसं, सगळं असू दे.

आडनाव बदलायची कायद्यात सक्ती नाही. तिची सगळी प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट माहेरच्या नावावर असतील. ते तसंच राहू दे.

प्रश्न : माई, मी गुहागर तालुक्यातला, वय ७१. उभी नोकरी मुंबईला गोदीत झाली, पत्नी गावी. निवृत्त होऊन परतलो. दोन वर्षांपासून तिला विसर पडतो आहे. रोज सकाळी मला विचारते, "रजा किती दिवसांची?" संध्याकाळी पिशवी भरते, त्यात तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं. मी सांगतो, अगं मी कायमचा आलोय. ती रडते. नातीने 'ओके जानू' दाखवला. त्यातल्या म्हाताऱ्या जोडप्यात चारूलाही विसर पडतो, आणि तिचे गोपी तिला किती छान सांभाळतात. पण त्यांचा संसार एका घरात झालेला. मी तिला कोणत्या आठवणी सांगू?

उत्तर : तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

दादा, तिला दुरुस्त करायचं थांबवा. तिच्या मनात तुम्ही रजेवर आलेले आहात, आणि रजेवर आलेला नवरा म्हणजे तिच्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस. तिने विचारलं की सांगा, "साहेबांनी रजा वाढवून दिली." उद्या पुन्हा सांगा. याला खोटं बोलणं म्हणू नये, तुम्ही तिथे थांबलेले आहातच. पिशवी भरायला तिच्या शेजारी बसा, आमसुलं तुम्ही मोजून द्या. ती झोपली की सगळं परत डब्यात ठेवा.

आठवणी तुमच्याकडे कमी आहेत असं समजू नका. तुम्ही धाडलेली पत्रं तिने नक्की कुठेतरी ठेवली असतील, ट्रंक बघा. सापडली तर रोज एक वाचून दाखवा. तांदूळ निवडणं, वाती वळणं, जे तिच्या हाताला अजून येतं ते तिला करू द्या.

सिनेमात चारू एकदा हरवते आणि सगळे भर पावसात शोधत फिरतात. तुमच्याकडे विहीर असेल, ओढा-पऱ्या असेल. विहिरीवर जाळी टाकून घ्या, अंगणाच्या फाटकाला, बेड्याला, तिला पटकन न उघडणारी कडी लावा. तिच्या झंपराच्या आत तुमचा फोन नंबर शिवून घ्या. शेजारी, रिक्षावाले, एसटी स्टँडवरचा चहावाला, यांना सांगून ठेवा. लाजू नका.

दुपारचे दोन तास तरी कोणाला तरी सोबतीला बोलवा आणि तुम्ही झोपा. ज्येष्ठ नागरिकांसाठी सरकारची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा. आणि चिपळूणला किंवा रत्नागिरीला डॉक्टरांकडे न्याल तेव्हा बी-१२ आणि थायरॉइड तपासलंय का, ते विचारा. या दोन्हींच्या कमतरतेनेही विसर वाढतो आणि त्यावर औषध आहे.