एंटर दाबला की चरण तुटावा की कडवं?

भाऊ, प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही काय करायलाव ते थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोग झाला तर होईल. गंगाखेडच्या भजनी मंडळाची अभंगांची वही ऑनलाइन आणायची आहे आणि एडिटरसाठी प्रोजमिरर घेतलंय, म्हणजे ब्राउझरमध्ये लिहिण्याची चौकट उभी करणारी लायब्ररी. एंटरने त्याच कडव्यात पुढचा चरण यावा, रिकाम्या ओळीवर पुन्हा एंटर दाबला तर नवं कडवं सुरू व्हावं, एवढंच मागणं आहे. पण तुमचा कीमॅप (कोणत्या कळीने काय करायचं याची यादी) बेस-कीमॅपच्या, म्हणजे प्रोजमिररच्या तयार यादीच्या, मागे ठेवला तर चालतच नाही, आणि पुढे ठेवला तर एकाच एंटरला ओळही तुटते अन् परिच्छेदही. वर व्हॉट्सॲपवरचा मजकूर चिकटवला की कडव्यांच्या मधली मोकळी ओळ गायब.

मागे ठेवला तर शून्य आणि पुढे ठेवला तर दोन, यातच निदान आहे. तुम्ही प्लगिन (एडिटरला जोडलेले कोडचे तुकडे, कीमॅपही त्यातलाच) ज्या क्रमाने मांडलेत त्याच क्रमाने दाबलेली कळ त्यांच्यापुढून जाते. ज्याने ट्रू (हो) परत केलं त्याने कळ घेतली, पुढच्याला ती दिसतसुद्धा नाही. फॉल्स (नाही) किंवा काहीच परत केलं नाही तर अर्थ एवढाच, की माझ्याकडे काही नाही, पुढे बघा. बेस-कीमॅपमध्ये एंटरवर चार कमांड, म्हणजे एकेक काम करणारी फंक्शनं, साखळीने बांधलेल्या आहेत: कोडच्या ब्लॉकात (परिच्छेदासारख्या वेगळ्या तुकड्यात) नवी ओळ, निवडलेल्या ब्लॉकशेजारी परिच्छेद, रिकामा ब्लॉक बाहेर काढणं, आणि शेवटी ब्लॉक फोडणं. ही शेवटची साध्या मजकुरात जवळपास कायम यशस्वी होते. मग तिच्यामागे उभ्या असलेल्या तुमच्या कीमॅपची पाळी येणार कधी?

आता पुढे ठेवल्यावर दोन का? तुम्ही टाकलेल्या कोडात शेवटची ओळ डिस्पॅचची, म्हणजे बदल एडिटरला लागू करण्याची, आहे आणि फंक्शन तिथेच संपतं. काम झालं, पण "मी घेतलं" हे सांगायचं राहिलं. म्हणून तीच कळ बेस-कीमॅपकडे गेली आणि त्याने आपलं काम केलं. रिटर्न ट्रू टाका, निम्मं दुखणं तिथेच बरं होईल.

यात मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवलीय. त्याआधी मी क्विल ही दुसरी एडिटर-लायब्ररी वापरत होतो आणि तिथे उलटं आहे. क्विलमध्ये हँडलर (कळीला जोडलेलं फंक्शन) चालला की साखळी आपोआप थांबते. पुढच्याला संधी द्यायची असेल तरच ट्रू परत करायचं. एकाच शब्दाचा दोन लायब्रऱ्यांत बरोबर विरुद्ध अर्थ. क्विलवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो: एडिटर उभा राहिल्यानंतर ॲड-बाइंडिंगने जोडलेला शॉर्टकट मूळच्या शॉर्टकटांच्या मागे जातो. एंटरवर ताबा हवा असेल तर बाइंडिंग, म्हणजे ही जोडणी, सुरुवातीच्या कॉन्फिगमध्येच द्यायला लागतं.

परत तुमच्या कमांडकडे येतो. एंटर कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा हे आधी ठरवा. कर्सर मथळ्यात असेल तर सोडा, म्हणजे फॉल्स. परिच्छेद अगदी रिकामा असेल तरीही सोडा, नाहीतर कडव्याच्या डोक्यावर एक रिकामा चरण बसतो आणि छापताना दिसतो. मजकूर असेल तर कर्सरच्या लगेच आधी कोणता नोड (मजकुराचा घटक) आहे ते बघा. तो साधा मजकूर असेल तर हार्ड-ब्रेक (त्याच परिच्छेदात ओळ तोडणारी खूण) घाला. तो हार्ड-ब्रेकच असेल तर लिहिणाऱ्याने दुसऱ्यांदा एंटर दाबलाय, म्हणून तो ब्रेक काढून तिथेच ब्लॉक फोडा. काढणं आणि फोडणं ही दोन्ही कामं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र लागू होणाऱ्या बदलांच्या गठ्ठ्यात) बसवा. वेगवेगळी डिस्पॅच केलीत तर मधल्या अर्धवट अवस्थेवर बाकीचे प्लगिन चालून जातात, आणि कंट्रोल-झेड किती मागे नेईल याचा भरवसा राहत नाही. याच नियमाचा एक फायदा फुकटात मिळतो: तिसऱ्या चरणाच्या सुरुवातीला कर्सर नेऊन एंटर दाबला की कडवं तिथेच दुभंगतं. मंडळातल्या लोकांना हे शिकवायला लागणार नाही, ते आपोआप सापडेल.

प्रोजमिरर कधीकधी कमांडला डिस्पॅच न देताच हाक मारतं. टूलबारवरचं बटण चालू ठेवायचं की फिकं करायचं, हे त्यावरून ठरतं. म्हणून डिस्पॅच हाती आला असेल तरच बदल करा. नसेल तर फक्त हो किंवा नाही सांगून मोकळं व्हा.

शिफ्ट-एंटरचं तुम्ही शेवटी विचारलंय. बेस-कीमॅपमध्ये तो बांधलेलाच नाही आणि न बांधलेला एंटर प्रोजमिरर ब्राउझरपर्यंत जाऊ देत नाही, म्हणून काहीच घडत नाही. प्रोजमिररवरच बांधलेलं टिपटॅप घेतलं असतं तर शिफ्ट-एंटर आणि कंट्रोल-एंटर दोन्हींवर हार्ड-ब्रेक तयार मिळाला असता. पण माझं स्पष्ट मत आहे की तुमच्या कामात शिफ्ट-एंटरवर काहीही महत्त्वाचं ठेवू नका. मंडळातली निम्मी मंडळी फोनवर लिहिणार, आणि फोनवर शिफ्ट-एंटर दाबायचा कसा? साधा एंटर म्हणजे चरण हा तुमचा पहिला विचारच बरोबर आहे. अँड्रॉइडवर एंटरची खरी कळ नेहमी नीट येत नाही, पण मजकुरात काय बदललं हे बघून प्रोजमिरर स्वतःच एंटरची घटना, म्हणजे कळ दाबल्याची सूचना, तयार करतं आणि ती कीमॅपकडे पाठवतं. त्यामुळे तुमची कमांड फोनवरही चालेल. स्वतःच्या हाताने कळ ऐकणारा कोड लिहिला असेल तर मात्र तिथे बहुतेक अक्षरांना नुसता २२९ हा, कळ कोणती ते न सांगणारा क्रमांक दिसेल आणि डोकं फिरेल.

मराठी कीबोर्डवर हा २२९ संगणकावरही भेटतो. रोमन अक्षरांत लिहून देवनागरी उमटवणाऱ्या साधनात शब्द पक्का करायला लोक एंटर दाबतात. तो एंटर शब्दाचा असतो, ओळीचा नसतो. शब्द अजून घडत असल्याची खूण घटनेवर असते, ती बघून एंटर सोडून द्यायचा. सफारीमध्ये ही खूण आधीच उतरलेली असते, तिथे २२९ हाच आधार. प्रोजमिररने हे बरंचसं सांभाळलंय, पण तुम्ही बाजूला शोधाची चौकट केलीय ना, ती साधी आहे. अर्धा शब्द लिहून एंटर दाबला तरी शोध सुटतोय का, ते तिथे तपासा.

इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डची अडचण वेगळी. त्यात इंग्रजी बीच्या कळीवर व आहे. कंट्रोल-बी दाबला की तुमचा कोड उमटणाऱ्या अक्षराची तुलना बीशी करतो, समोर व येऊ शकतो आणि ठळक काही होत नाही. प्रोजमिररचा कीमॅप असं अक्षर आलं तर कळीच्या क्रमांकावरून पुन्हा शोध घेतो, म्हणून शॉर्टकट त्यातूनच बांधा, कळ ऐकणारा वेगळा कोड लावू नका. कंट्रोल-ऑल्टच्या जोड्यांना विंडोजवर हात लावू नका, ₹ सारखी चिन्हं लोक तिथूनच काढतात. कंट्रोल-डब्ल्यू, कंट्रोल-टी, कंट्रोल-एन तर क्रोम कुणालाच देत नाही, त्यामुळे तो विषय संपला.

आता चिकटवण्याचं बघू. नुसता मजकूर चिकटवताना प्रोजमिरर ओळ संपल्याच्या खुणांवर तुकडे पाडतं आणि लागोपाठ आलेल्या कितीही खुणा एकच धरतं. प्रत्येक तुकडा वेगळा परिच्छेद होतो. म्हणजे तुमचा प्रत्येक चरण स्वतंत्र कडवं बनतो आणि मधली मोकळी ओळ, जिच्यावर सगळं अवलंबून होतं, ती पुसली जाते. क्लिपबोर्ड-टेक्स्ट-पार्सर (चिकटवलेला मजकूर वाचणारं फंक्शन) स्वतःचा द्या. आधी ओळीच्या तिन्ही प्रकारच्या खुणा (त्या खाली सांगतो) एकसारख्या करा, मग मोकळ्या ओळीवर परिच्छेद तोडा आणि उरलेल्या प्रत्येक खुणेचा हार्ड-ब्रेक करा. मोकळ्या ओळीत एखादी स्पेस पडलेली असते, तीही मोकळीच धरा. फोनवरून आलेल्या मजकुरात हे हमखास सापडतं.

उलट दिशा लोक विसरतात. एडिटरमधून अभंग कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघा. हार्ड-ब्रेकच्या व्याख्येत लीफ-टेक्स्ट (त्याच्या जागी कोणता मजकूर द्यायचा ते) दिलेलं नसेल तर तो मजकूर म्हणून काहीच सोडत नाही, आणि एका चरणाचा शेवटचा शब्द पुढच्या चरणाच्या पहिल्या शब्दाला चिकटतो. लीफ-टेक्स्टमध्ये नव्या ओळीची खूण परत केली की काम होतं. शोधासाठी मजकूर काढतानाही हेच लागेल.

तिन्ही खुणा म्हणालो, त्या कुठून आल्या? टाइपरायटरचा दांडा ओढला की गाडा उजवीकडे परत जायचा आणि कागद एक ओळ वर सरकायचा; टायपिंगच्या क्लासला गेलेल्यांच्या हाताला अजून तो झटका आठवत असेल. संगणकात या दोन हालचालींचे दोन क्रमांक झाले, गाडा परत म्हणजे १३ आणि ओळ पुढे म्हणजे १०. विंडोज दोन्ही लिहितं, लिनक्स आणि आजचं मॅक फक्त १०, जुनं मॅक फक्त १३. एंटरच्या कळीचा क्रमांकही १३च.

ही नुसती इतिहासाची गंमत नाही, माझे यात पैसे गेलेत. लातूरच्या मोंढ्यातल्या एका अडतीसाठी मी शेतकऱ्यांना रोजचे भाव एसएमएसने पाठवायचं पान केलं होतं. वर तारीख, खाली सोयाबीन, तूर, हरभरा, अशा चार ओळी. देवनागरी एसएमएसला ७० अक्षरांची मर्यादा असते. पानावरचा आकडा ६८ दाखवायचा आणि सगळे निवांत. पण चौकटीतली ओळीची खूण ब्राउझरच्या आत एक अक्षर असते आणि फॉर्म पाठवताना तिची दोन होतात. तीन खुणा, तीन अक्षरं जास्त, सर्व्हरवर ७१. प्रत्येक भावाचे दोन एसएमएस गेले आणि बिल आल्यावर कळलं. चूक माझीच होती, सर्व्हरवर आल्याआल्या खुणा एक करून घ्यायला हव्या होत्या. तुमच्या वहीत एसएमएस नाहीत, पण अभंग जतन करताना फक्त १० ठेवा. दोन वेगळ्या यंत्रांवरून टाकलेला एकच अभंग नाहीतर तुलनेत वेगळा ठरेल.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण पहिल्याच दिवशी कुणीतरी फोन करेल. अरुंद पडद्यावर चरण आपोआप दुमडतो आणि शेवटचा ॥ एकटाच खालच्या ओळीवर जाऊन बसतो. लोक म्हणतील एडिटरने ओळ तोडली. तो तुमचा ब्रेक नव्हे. आपण दंडाच्या आधी स्पेस देतो आणि ब्राउझर तिथे दुमड घालतो. दोन उभ्या रेघा लिहिल्या की ॥ करणारा इनपुट-रूल तुम्ही लावणारच असाल, त्यातच आधीची स्पेस न तुटणाऱ्या स्पेसने बदलून टाका. मात्र शोधात ही स्पेस साध्या स्पेसशी जुळत नाही, म्हणून शोधाचा मजकूर काढताना ती परत साधी करायला विसरू नका.